रिले, रेडिओ आणि बुधवारचा चोर

तीर्थस्वरूप दादा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (गुडघ्यांमुळे हे हल्ली फक्त पत्रातच जमतं). तुझा रक्तदाब आणि वहिनींची पाठ ताळ्यावर असतील अशी आशा. मी ठणठणीत आहे, पण आनंदाच्या भरात घाईनं लिहितेय, तेव्हा अक्षर लावून घे. दादा, यंत्र चाललं! आणि खराखुरा चोर आला!

क्रमानं सांगते. गेल्या पत्रात तू बजावलं होतंस की बाईमाणसाला एकटं राहायचं असेल तर तसा बंदोबस्त दाखव, नाहीतर महिनाअखेरीस घर बंद करून माझ्याकडे मागच्या खोलीत राहायला ये. ते वाचून दोन दिवस घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या टेबलाचा खण उघडला. हे गेल्यापासून तीन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. आत ह्यांनी जोडायला घेतलेली चोरघंटा निघाली: दाराला लोहचुंबक, भिंतीला डबी, दार उघडलं की डबी वाजणार. लावून पाहिली. वाजली, पण आवाज असा की त्यापेक्षा डास बरा. चोरानं उलट माझीच विचारपूस केली असती.

मग ह्यांची पुस्तकं काढली. (माझी शाळा सातवीत सुटली हे तुला ठाऊक आहे, पुढचं सगळं मी ह्या कपाटापुढे बसून शिकले.) त्यात रिले सापडला. रिले म्हणजे काय सांगू? आमच्या सासूबाई! त्या आतल्या खोलीत पलंगावर पडून नुसत्या खाकरायच्या, की स्वयंपाकघरात आम्ही दोघी सुना धावत सुटायचो. त्या स्वतः जागच्या हलायच्या नाहीत. तसंच हे. डबीतली बारा व्होल्टची किरकोळ वीज रिलेच्या गुंडाळीत शिरून खाकरते, लोखंडी पट्टी खटकन ओढली जाते आणि पलीकडे घरातली मोठी, जीवघेणी वीज कामाला लागते. दोघींची गाठ कुठेच पडत नाही. (आमचीही पडू नये असं फार वाटायचं.) मी ठरवलं, चोरानं दार उघडलं की पुढच्या खोलीतले दिवे लागले पाहिजेत आणि ह्यांचा जुना रेडिओ पूर्ण आवाजात बोलला पाहिजे, म्हणजे घरात पुरुषमाणूस आहे असं वाटेल.

मेन स्विच बंद करून तारा जोडल्या. चालू करताच दिवे लखलखले, जरा तापून रेडिओही गरजला, मी टाळ्या पिटल्या. मग चोर होऊन बाहेरून दार उघडलं, तर सगळं गुडूप आणि चिडीचूप! समोरच्या वायरमनला बोलावलं. तो आधी माझ्यावर ओरडला. "काकू, ह्या वयात घरच्या विजेशी खेळता? मला हाक मारायला काय झालं होतं?" मग रिले उलटसुलट पाहून हसत खालीच बसला. रिलेला एक टोक नेहमी चिकटलेलं असतं आणि दुसरं पट्टी ओढली गेल्यावरच चिकटतं. मी पहिलं पकडलं होतं. "चूक एकच केलीत काकू, पण पूर्ण चोराच्या बाजूनं!" त्यानं तार बदलली, फ्यूज घातला, यंत्र थांबवायचं बटण पुस्तकांमागे लपवलं, सगळं झाकणाच्या डब्यात बंद केलं आणि पुन्हा हात लावणार नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली.

हे झालं मंगळवारी. बुधवारी दुपारी मी वाचनालयात गेले आणि चोर आला. पलीकडच्या शिंपीणबाईंनी मशीनवरून सगळं पाहिलं. चोर मोठा संस्कारी, दादा! किल्लीनं कुलूप काढलं, चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि मग आत गेला. दिवे लगेच लागले, पण त्यानं बहुधा मीच मालवायला विसरले असं समजून मनातल्या मनात दोन शब्द सुनावले असतील. रेडिओ जुना, तापायला दोन मिनिटं घेतो. तोवर चोर खोलीच्या मधोमध वाकलेला होता आणि आरोग्याच्या कार्यक्रमातले डॉक्टर कडाडले, "छातीत धडधड होते का? घाम फुटतो का? वेळ घालवू नका!" त्यानं अजिबात घालवला नाही. टकलावर रुमाल दाबून, एका पायात चप्पल घालून तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला.

चारला मी परतले तेव्हा घर उजळलेलं होतं आणि आतून पुरुषाचा आवाज येत होता. उंबऱ्याशी थबकले. हे दुपारी घरी असले की अस्संच असायचं. खोटं कशाला लिहू, क्षणभर पिशवी खाली ठेवून पदर सारखा केला. मग आत गेले, पुस्तकांमागचं बटण दाबलं, शांत झालं. चहा एकच कप टाकला.

चोरी काही झाली नाही. उलट एक पोलादी मोजपट्टी कपाटापासून भिंतीपर्यंत ताणलेली सापडली आणि एक कागद: "पलंग जाईल. कपाट मावणार नाही. पुस्तकं रद्दीत." तेव्हा तूच सांग, बंदोबस्त झाला की नाही?

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. डावी चप्पल पुसून कागदात गुंडाळून ठेवली आहे. अंगठ्याला लाल दोऱ्याची शिवण आहे. वहिनींना दाखवलीस तर त्या लगेच ओळखतील. कागदावरचं अक्षर मीही ओळखलं. 'रद्दी' ह्या शब्दावर एकदा रडून घेतलं, आता राग नाही.

आणखी ता. क. रविवारी जेवायला ये. येताना माझ्या घराची किल्ली आण आणि ती इथेच ठेवून जा. घंटी वाजव, मी दार उघडीन.

शेवटचं. चप्पल मिळेल, मोजपट्टी मिळणार नाही. मागच्या दारापर्यंत किती तार लागेल ते मोजायचंय.