घटातला तांबेरा

२९ सप्टेंबर १८९४, शनिवार
ठरलं. पेढीवरची कारकुनी सोडणार. महिना चौदा रुपये! मोडी वळणदार, इंग्रजी दोन इयत्ता, तरी चौदा. आमचा मेहुणा रघू परळच्या गिरणीत कापड विणायचे दोन साचे चालवतो, सही म्हणून अंगठा उठवतो आणि वीस घेतो. वर, भावजी विडी घ्या, म्हणतो. फार लागतं मनाला.
भायखळ्याला पिकांच्या रोगांचा एक साहेब आलाय. त्याला असिस्टंट हवा. पगार चाळीस! अट एकच: गव्हावर तांबेरा वाढवून दाखवायचा. तांबेरा म्हणजे बुरशीच. आमच्या भोईवाड्याच्या खोलीत बुरशीला कधी आमंत्रण लागलंय?

३० सप्टेंबर
घटस्थापना. बायकोने, शेवंतीने, घटाभोवतीच्या मातीत गहू पेरले. मला एकदम सुचलं. वेगळी कुंडी कशाला? बसवलेला घट नऊ दिवस हलवत नाहीत. म्हणजे खुद्द शेवंतीसुद्धा माझा प्रयोग उचलून बाहेर ठेवू शकत नाही. डोकं लागतं.

३ ऑक्टोबर
अंकुर वर आले. निफाडच्या दलालाकडून तांबेऱ्याची वाळकी पानं मिळवली होती, ती चुरून भुरभुरली. बुरशीला ऊब आणि ओल लागते. खिडकी बंद. शेगडीवर पाण्याचं पातेलं, अखंड वाफ. शेवंतीला सांगितलं, देवीला गारठा बाधतो. तिने पदराने कपाळाचा घाम पुसला.

५ ऑक्टोबर
प्रगती! माझ्या जोड्यांवर हिरवट लव. गव्हावर नाही, पण दिशा योग्य. रघू येऊन गेला. आमच्या गिरणीतसुद्धा एवढं उकडत नाही, म्हणाला. अडाणी.

७ ऑक्टोबर
लोणच्यावर बुरशी. उशीवर बुरशी. मुलाखतीच्या काळ्या कोटावर तर बहार आहे. गव्हावर नाही. मी बाहेर पडलो की शेवंती खिडकी उघडते असा संशय.
शेटजींना नोकरी सोडल्याचं तोंडावर सांगितलं. त्यांनी राहा म्हणून आग्रह केला नाही. धक्का बसला असावा.

९ ऑक्टोबर, दसरा. सकाळ
घट उठले. गहू वीतभर, हिरवेगार, डाग म्हणून नाही. शेवंतीने त्यांचा तुरा माझ्या टोपीत खोवला. काढायची हिंमत झाली नाही. कोट घेऊन निघतो. बुरशी ती बुरशी.

संध्याकाळ
साहेबाने भिंगातून कोट पाहिला. म्हणाला, ही नुसती कोटाची बुरशी. तांबेरा जिवंत गव्हावरच जगतो, त्याला दंव आणि गारवा लागतो. वाफेत तो मरतो. (हे आधी सांगायला काय झालं होतं?) मग त्याची नजर टोपीवर गेली. प्रयोगाला अशीच निरोगी रोपं हवीत, ही कुणी वाढवली, म्हणाला. घाईत खरं बोलून गेलो.

१५ ऑक्टोबर
शेवंती महिना पंचवीसवर लागली. घरीच साहेबासाठी गहू पेरते. मी परवानगी दिली. पेढीवरची माझी जागा भरली. नवा माणूस अकरात आला म्हणे.
भायखळ्यापर्यंत रोपांच्या टोपल्या नेणं जबाबदारीचं काम. म्हणून ते मी स्वतःकडे घेतलं. रात्री शेवंतीकडे माझ्या पगाराचा विषय काढला.
महिनाभर काम बघते, मग ठरवू, म्हणाली.