छापलेला शेषराव

अमरावती, भाद्रपद शुद्ध १०, शके १७८६

तीर्थस्वरूप दादा आणि वहिनींच्या पायांवर धाकट्या शालिकरामाचं डोकं. येथील क्षेम, तेथील कळवीत असावे. वि. वि.

पोळ्याला घरी आलो तेव्हा आपल्या वावरात विलायती बियाण्याची पऱ्हाटी माझ्या छातीला लागत होती. इथं छापखान्यात मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले की हे वर्तमानपत्रात आलंच पाहिजे. मग तुमच्या नावानं मजकूर मीच लिहिला. मी शेषराव, पिंपळखेडचा कास्तकार, जुनी सरकी बैलांना चारली आणि विलायती पेरली, सर्वांनी तसंच करावं, असा.

न विचारता लिहिलं म्हणून रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही दिवाळीपर्यंत डोकं खाजवत बसला असता! बोंडं अजून धरायची आहेत, पण झाड एवढं तर कापूस केवढा येईल! गावोगाव चावडीवर तुमचं नाव वाचून राहिले लोक. वहिनींना म्हणावं, आता दादांशी जरा अदबीनं बोलत जा.

माया आहे तशी राहू द्यावी.
तुमचा शालिकराम

पिंपळखेड, मार्गशीर्ष वद्य २, शके १७८६

चिरंजीव शालिकरामले दादा-वयनीचा आशीर्वाद. आमी धडधाकट आहो. बाकी वि. वि.

बाबू, ते निरी झाडंच निघाली. पानी दसऱ्यापुढंही पडतच राह्यलं, बोंडं काळी पडली, अर्धी उकललीच नाही. उकलली त्यात अळी. तुया वयनीनं माह्यं न ऐकता जुन्या सरकीची दोन पोती माळ्यावर ठेवली होती, म्हनून पुढच्या साली पेराले काही आहे. म्हंजे बैलायले चारली हे तू छापलं तेही खोटंच.

मले घोर दुसराच आहे. आपली पार्बती दहीगावात दिली, तिथल्या चावडीवर तुया तो कागद वाचला गेला. जवाई भगवंतराव, सासऱ्याचं नाव छापून आलं म्हनून गावभर मिरवून राहिले. त्यायनं घरची सगळी सरकी खरंच बैलायले चारली अन् येत्या सालासाठी विलायती बियान्याच्या सरकारी यादीत नाव लावलं. त्यायचं पाहून अर्ध्या गावानं लावलं. एकुलती पोर आहे रे माही. खरं काय झालं ते लवकर छाप.

जीवाले जप.
शेषराव

अमरावती, फाल्गुन शुद्ध ५, शके १७८६

तीर्थस्वरूप दादांना शालिकरामाचा खालमानेनं नमस्कार. वि. वि.

तीनदा मजकूर लिहून मालकांपुढं ठेवला. ते म्हणतात, एका वावरात पीक बुडालं तर दोष वावराचा, बियाण्याचा नव्हे. शिवाय सरकारचं बियाणं वाटायला आलेलं आहे, आता उलट छापलं तर पत्राची अब्रू जाते. जास्त बोललो तर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. दादा, मी मजकूर उचलून परत कामाला लागलो. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

तुम्ही स्वतः दहीगावला जा. तुमच्या तोंडून ऐकलं तर जावईबापू ऐकतील. पार्बतीला दिवस गेल्याचं वहिनींनी कळवलं, पहिलंच बाळंतपण, तिला आणायची बोलणीही होतील.

मन मोठं ठेवावं.
शालिकराम

पिंपळखेड, ज्येष्ठ वद्य ८, शके १७८७

शालिकरामले आशीर्वाद. वि. वि.

गेलतो बापा. सरकीचं एक पोतं गाडीत घालून गेलतो. चावडीवर उभा राहून सांगतलं का मीच तो शेषराव, माह्यं पीक बुडालं, हे पेरू नोका. त्यायनं तुया कागद आनला अन् माह्यापुढं वाचला. म्हने, कागदातला शेषराव तर पेरा म्हनते! छापलेलं खोटं कसं राहीन? कोनी म्हने, म्हाताऱ्याले एकट्यालेच कमवाचं आहे.

मले वाटलं जवाई तरी मध्ये पडतील. तेच म्हनाले, मामाजी, जवायाचं भलं पाहावत नाही काय? पोतं परत गाडीत टाकलं. अन् पार्बतीले बाळंतपनाले धाडनार नाही म्हनून चार लोकायत सांगतलं. निंगालो तवा पोर तिच्या घराच्या दारात उभी होती. पान्याचा तांब्या तेवढा हातात दिला.

तुयाशी आता बोलावंसं वाटत नाही. कागद पाठवू नोको.
शेषराव

पिंपळखेड, पौष शुद्ध १२, शके १७८७

शालिकरामले दादाचा आशीर्वाद. वि. वि.

तुये दोन कागद आले, मी फोडले नाहीत. आता मीच लिहून राहिलो, काहून का इलाज नाही.

दहीगावची पऱ्हाटीही तशीच गेली. पार्बतीले पोरगा झाला हे मले बाजारात परक्या मानसाकून कळलं. पंधरा दिवसामागं न राहवून दहीगावले गेलो तर घराले कुलूप. शेजारची मैनाबाई म्हने, भगवंतराव लेकराले अन् बायकोले घेऊन रेल्वेच्या मातीकामावर गेले, बडनेऱ्याच्या पुढं कुठीतरी. पार्बती माहेरी जाऊ म्हनत होती. पन चावडीवर एवढं बोलून बसल्यावर सासऱ्याच्या दारात कोन्या तोंडानं जाऊ, असं जवाई म्हनाले. म्या कधी त्यायले दोष दिला काय रे? चार महिन्याचं लेकरू थंडीत कुठं निजत असंल?

बडनेरा, मूर्तिजापूर, सगळ्या सडकेनं हिंडून आलो. मानसं हजारो. कोनी कोनाले ओळखत नाही.

तुयं वर्तमानपत्र तिकडे जात असंल, कोनी वाचून दाखवत असंल. त्यात छाप, का पार्बती, घरी ये. जवायबापूले घेऊन ये. कोनी काही म्हननार नाही. यात बियान्याची निंदा नाही, तुये मालक छापतीन.

अन् खाली माह्यं नाव टाक. पन माह्यं नाव आता कोनाले खरं वाटत नाही, म्हनून आनखी एक लिहिजो. तिच्या लग्नाच्या दिवशी, वरात गेल्यावर नाही, जाच्या आधी, मी कडब्याच्या गंजीमागं बसून रडलो होतो. हातातली पगडी तोंडात कोंबून रडलो होतो. ते एकट्या पार्बतीनं पाह्यलं, तुया वयनीलेही ठाऊक नाही. ते छाप. सगळा मुलूख हासला तरी चालते.

शेषराव