सीझनचा पहिला दिवस

ईडन प्रेरी, नोव्हेंबर

प्रिय केदारदादा,

फोनऐवजी पत्र बघून दचकू नकोस. शंतनू हल्ली दिवसभर घरीच असतो आणि हे त्याच्यासमोर बोलता येणार नाही.

उन्हाळ्यात त्याने तुझ्यासारखं हरणाच्या शिकारीचं मनावर घेतलं, तेव्हा तुझ्याइतकीच मीही खूश झाले होते. तुझ्या सगळ्या सूचना त्याने पाळल्या. बंदुकीच्या सेफ्टीचा कोर्स केला. व्हिसावर असल्यामुळे शिकारीच्या लायसन्सशिवाय रायफल घेता येईना, म्हणून आधी ते काढलं. तू म्हणालास त्याच गोळ्या आणल्या, नेमबाजीच्या रेंजवर जाऊन रायफलवरच्या दुर्बिणीचा नेम बसवला. शिकाऱ्यांचं भडक नारिंगी जाकीट घालून दाखवलं, तर रुही हसत सुटली, “बाबा, यू लुक लाइक अ पम्पकिन!”

शिकारीच्या सीझनच्या पहिल्या दिवशी तो पहाटे निघाला. दुपारी त्याच्या ऑफिसमधल्या एरिकचा मला फोन आला. दोघांचं एकत्र जायचं उन्हाळ्यातच ठरलं होतं, पण शंतनू पोचलाच नव्हता. मग एरिक बिचकत म्हणाला, लेऑफ झाल्यापासून तो फोनच उचलत नाही. दादा, मला त्याची नोकरी गेल्याचं माहीतच नव्हतं! रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन तो घरातून निघत होता रे.

त्याच्याजवळ रायफल होती आणि फोन लागत नव्हता. रुहीला शेजाऱ्यांकडे सोडून मी गाडी काढली. आम्ही फिरायला जातो त्या तळ्याच्या पार्किंगमध्ये तो सापडला, स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलेला. रायफल मागच्या सीटवर, केसमध्येच होती. मी दार उघडून शेजारी बसले. तो म्हणाला, “नेत्रा, ती रायफल घरात नको. मला माझीच भीती वाटतेय.”

त्याच संध्याकाळी एरिक रायफल आणि गोळ्या घेऊन गेला. आम्ही डॉक्टरांना भेटलो, औषध सुरू झालंय. नोकरी गेल्यामुळे व्हिसाची मुदत संपतेय. परत जावं लागलं तर जाऊ, हे आता आम्ही उघड बोलतो. तो जेवतो, रुहीचा अभ्यास घेतो. पण तो आंघोळीला गेला की मी अजून दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत असते.

काल म्हणाला, केदारला कळवू नकोस, त्याच्या नजरेतून मी उतरेन. म्हणूनच लिहितेय. तू ये. नोकरीचं, शिकारीचं काही विचारू नकोस. त्याच्याशी पत्ते खेळ, त्याच्याजवळ बस. मला एक दुपार झोपायचंय, दादा.

तुझीच,
नेत्रा