चौदावा अध्याय

२६ जून २००७, मंगळवार
रेवती दहावीत नापास. मराठी, इंग्रजी, इतिहास. गुणपत्रिका मांडीवर ठेवून ओट्यावर बसली, रडलीसुद्धा नाही. परीक्षेआधी मीच तिला इतिहास वाचून दाखवला होता. तो ती अजून घडाघडा सांगते. पुस्तक समोर आलं की अडते.

बाबा देवळातून आले. निकाल ऐकून म्हणाले, "ऑक्टोबरला परत बस. तेव्हा राहिलीस तर शाळा बंद. स्थळं बघू."

आई गेली तेव्हा मी नववीतून शाळा सोडली. माझ्यावर कुणी बळजबरी केली नव्हती. हिच्यावर करतील.

३ जुलै
व्यंकटरावांनी नांदेडहून एक सीडी आणली. त्यांच्याच दुकानात मी टायपिंग करतो — अर्ज, लग्नपत्रिका. ही सीडी घातली की टाइप केलेलं कॉम्प्युटर मोठ्यानं वाचतो. जो शब्द वाचतो तो पडद्यावर पिवळा होतो. डोळे चांगले असूनही ज्यांना वाचायला जमत नाही त्यांच्यासाठी, असं वर छापलंय. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

५ जुलै
संध्याकाळी रेवतीला दुकानात आणलं. इतिहासाचा पहिला धडा टाइप करून ठेवला होता. आवाज हिंदीवाल्याचा. आमच्या गावाचं नाव टाइप करून पाहिलं, तर 'जवळा बाजार'ला 'जवला बाजार' म्हणतो. रेवती ओढणीत तोंड घालून हसली. "दादा, हा भैया कुठला धरून आणला?"

मग हसायची थांबली. धडा पुन्हा लावायला सांगितला. म्हणाली, "पुस्तकात अक्षरं हलून राहतात. भैया बोलला की जाग्यावर बसतात."

अक्षरं हलतात, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

१२ जुलै
दिवसभर लाईट नाही. भैया गप्प.

२४ जुलै
बाबांना काही सांगितलं नव्हतं; ज्याची भीती होती तेच झालं. बाबा दुकानात आले. रेवती कानाला हेडफोन लावून बसलेली. व्यंकटराव म्हणाले, "या गुरुजी. तुमच्या धंद्यात वाटेकरी आलाय बघा. दिवसभर वाचतो, दक्षिणा बी मागत न्हाई."

बाबा हसले नाहीत. "पोथी सांगणाऱ्याच्या पोरीला वाचून दाखवायला मशीन लागतं, असं गावानं म्हणावं का? उद्यापासून इथं यायचं नाही."

रेवतीनं हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि त्यांच्यामागं निघाली.

१३ ऑगस्ट, श्रावणातला पहिला सोमवार
महादेवाच्या देवळात पोथी लागली. समाप्ती शेवटच्या सोमवारी, नेहमीप्रमाणे तेराव्या अध्यायावर होणार. चौदावा आमच्या घराण्यात वाचत नाहीत, रीत आहे. बाबांना आजोबांनी संथा देऊन शिकवलं. आजोबा एक ओवी म्हणायचे, बाबा तीच दोनदा म्हणायचे. तेरावा झाला आणि आजोबा गेले.

आज माझ्या हातून चूक झाली. पोथीची पानं सुटी आहेत. काल पुसून ठेवताना पहिल्या अध्यायाच्या जागी मी तिसऱ्याची लावली. बाबांनी सुरुवात केल्यावर माझ्या लक्षात आलं. पण बाबा कुठंच अडखळले नाहीत. पानं उलटत उलटत पहिला अध्याय पुरा म्हटला. समोर तिसरा.

पाठ आहे म्हणून — असं मी स्वतःला समजावलं.

घरी भांडी घासताना रेवती हळूच म्हणाली, "बाबा नुसतं बोट फिरवतात. पान संपायच्या आत उलटतात. दादा, मीपण वर्गात असंच करायचे."

मग एकेक आठवत गेलं. लाईटबिल, लग्नपत्रिका, पेपर. चष्मा डोळ्यावर असायचा आणि बाबा म्हणायचे, "काच धुरकट झालीय. तू वाच."

२३ ऑगस्ट
चौदावा अध्याय टाइप केला. एकेक ओवी पोथीशी ताडून पाहिली. बाबांना काय म्हणायचं, तेही मनात घोकून ठेवलं.

२६ ऑगस्ट
बाबांना म्हणालो, "पोथीची पानं विरत चाललीत. टाइप करून ठेवून राहिलोय. माझ्या चुका राहिल्या असतील. ऐकून सांगता का?"

चौदावाच काहून, असं त्यांनी विचारलं नाही.

दुकानात आले. रेवतीलाही बरोबर घेतलं होतं. तिनंच त्यांच्या कानाला हेडफोन लावला, शेंडी अडकू न देता. भैयानं पहिली ओवी म्हटली. बाबांनी हात वर केला, मी थांबवलं. त्यांचे ओठ हलले. दोनदा. मग दुसरी ओवी. ती पण दोनदा. मी माऊस रेवतीच्या हातात दिला आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

निघताना विचारलं, "चुका?"

"नाहीत," म्हणाले. पायऱ्या उतरल्यावर, "उद्या पुन्हा लाव."

रेवतीच्या शाळेचं काही बोलले नाहीत. परीक्षा महिन्यावर आली. माझं विचारायचं धाडस झालं नाही.

१० सप्टेंबर, शेवटचा सोमवार
तेरावा संपला. लोक प्रसादाला उठले तर बाबा म्हणाले, "बसा." आणि पोथी मिटून चौदावा म्हटला. दोन ठिकाणी अगदी भैयासारखा. व्यंकटराव म्हणाले, "गुरुजी, घराण्याची रीत मोडली की."

"रीत नव्हती. वडील गेल्यावर मला संथा द्यायला कुणी उरलं नाही. आणि मला वाचता येत नाही."

बाबांनी रेवतीकडं हात केला.

"हिला संथा द्यायला मशीन आहे. ही शिकणार."