दुसरी सुई

ता. ४ जाने. ७७
मंठ्याची नर्सबाई आल्ती. सून कावेरीला सातवा लागलाय, तिला धनुर्वाताची सुई टोचली. म्हणे महिन्यानं आणखी एक. मी म्हणलं, "माझ्या दंडावर देवीची खूण हाये, लहानपणी एकदाच टोचली. तुम्ही सुईत पाणी घालता का?" तर म्हणे आजी, देवीची लस जित्ती, अंगात रुजती, फोड उठतो, मंग अंग लई वर्षं विसरत न्हाई. ही मेलेली. हिचं अंगाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.
म्हंजे आमचा लेक नामदेवच. सोसलं तेवढं ध्यानात, सांगितलेलं संध्याकाळपातुर गेलं.

ता. ११
कावेरीचा भाऊ गाडी घेऊन आला. सातव्यात पोरगी माहेरी न्यायची, आठव्यात हलवायची न्हाई. म्हंजे दुसरी सुई बुडाली. मागल्या खेपेला तिथंच आठव्या दिशी लेकरू आखडलं, दूध धरीना. गेलं. व्याहीण म्हणे सटवीनं लिहिलं. सटवीला दुसरा धंदा न्हाई.
गाडी रिकामी पाठवली. गाव म्हणून राह्यलं, म्हातारीला फुकटची कामवाली सोडवंना. म्हणू द्या.

ता. ७ फेब्रु.
नर्सबाईचा पत्ता न्हाई. नामदेव म्हणे एक झाली न्हवं, अर्धी तरी लागू होईल. म्हणलं, अर्ध्या धोतरावर बाजार करून ये.
मीच मंठ्याला नेली. आठव्यात बाई हलवली म्हणून माझी जाऊ तोंड वाकडं करून बसली. टोचली. विचारलं, आता जन्माची सुट्टी? तर न्हाई, पुढल्या बाळंतपणाला आणखी. थू असल्या लशीवर.

ता. १० मार्च
नववा. गाडी परत आली. कावेरीला बजावलं, नाळेवर कोणी चुलीतली राख लावली तर हात धर, मागं तेच झालं. तर म्हणती, "आईचा हात कसा धरू, आत्याबाई?"
गाय ती गायच. गाडीत तिच्याआधी मी चढले. सासू सुनेच्या माहेरी बाळंतपणाला! बाया पदराआड हसल्या.

ता. २३, व्याह्याच्या घरी
वरणात मीठ न्हाई, बोलण्यात लई. पहाटंपून कावेरीला कळा. नाळ कापायची पत्ती उकळून ठेवली. व्याहीण चुलीतली राख घ्यायला आली. म्हणलं, "दोन सुया झाल्यात, तुमचं औषध नको."
"सुया झाल्यात तर मंग राखेला काय भेता?"
बराबर बोलली, मेली. मी चुलीम्होरं पाट टाकून बसले. आतून कण्हणं येऊन राह्यलं. उठत न्हाई.