सरपंच हलला

१६ ऑगस्ट

आन् वरून सरपंच म्हणते, माशी बसली होती. कुठची माशी? मी व्हिडिओ मोठा करून पाह्यला. सरपंचाच्या गालावर माशी नाही, मच्छर नाही, काहीच नाही. राष्ट्रगीत चालू, झेंडा वर, शाळेची पोट्टी पुतळ्यासारखी उभी, आन् हा शेखरभाऊ आरामात गाल खाजवून राहिला. सीमेवर जवान गोळी खाते. याले माशी सहन होत नाही.

ठराव: हा माणूस गावाची माफी मागत नाही तोपर्यंत त्याले मनातल्या मनातही भाऊ म्हणणार नाही. नुसता शेखर.

हे मी बदला म्हणून करून नाही राहिलो. नांदगाव पेठच्या कंपनीत लावून देतो म्हणून यानं मले चार महिने फिरवलं आन् शेवटी आपल्या साळ्याले लावलं. म्हणून मी आज सुरतेत साड्यांच्या घड्या घालून राहिलो. पण तो विषय वेगळा. हा देशाचा विषय आहे.

१७ ऑगस्ट, जेवणाची सुट्टी

मेसेज लिहिला. "आपला सरपंच देशभक्त आहे काय? एका जागृत नागरिकाचा सवाल." नववीत नापास झालो त काय झालं, असा सवाल कॉलेजवाल्याले सुचत नाही. नितेशले पाठवला. नितेश माहा दोस्त. गावात मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे आन् गावाच्या बातम्यांचा ग्रुपही तोच चालवते. माहं नाव टाकू नको म्हटलं. भेतो म्हणून नाही. मोठ्या कामात नाव पुढे करू नये.

१९ ऑगस्ट

मेसेज दर्यापूरपर्यंत गेला. अकोटच्या कोणत्यातरी ग्रुपवरून फिरून माह्याकडेच परत आला, खाली कोणीतरी "सहमत" लिहिलेलं. शेखरची झोप उडाली असन.

आपलंही आचरण पाहिजे. उद्यापासून रोज सकाळी खोलीत राष्ट्रगीत लावणार आन् सावधान उभा राहणार.

२० ऑगस्ट

लावलं. खोलीतले सगळे रात्रपाळी करून झोपलेले. एकानं उशी फेकली. मले लागली, मी हललो नाही. याले म्हणतात निष्ठा. संपल्यावर त्यानं चप्पल फेकली, तेव्हा हललो. तेव्हा चालते.

२२ ऑगस्ट

कानात हेडफोन लावून पडल्यापडल्याच ऐकलं. झोपलेला माणूस हलत नाही, म्हणजे तो सावधानच.

२६ ऑगस्ट

शेखर वाकला. नितेशचा फोन होता. सरपंचानं जाहीर केलं की एक तारखेपासून रोज सकाळी आठले बस स्टँडवर भोंग्यावर राष्ट्रगीत लागणार. जो जिथी असन तिथी उभा.

मी सुरतेत बसून अख्खं गाव उभं केलं. आमदारालेही जमलं नसतं.

नितेश पुढे म्हणे की शेखरचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. दर्यापूरवरून यूट्यूबवाला आलता, त्यानं शेखरच्या फोटोखाली "देशभक्त सरपंच" लिहिलं. सांगताना हसून राहिला होता. यात हसण्यासारखं काय आहे? दोर माहा, विहीर माही, आन् पाणी शेखरच्या घरी.

१ सप्टेंबर

पहिला दिवस. नितेशनं व्हिडिओ कॉल लावला, मी पॅकिंगमध्येच सावधान झालो. हातातला गठ्ठा सोडून द्यावा लागला. गठ्ठा खाली, खाली चहा सांडलेला. सुपरवायझरले सांगतलं की राष्ट्रगीत चालू आहे. तो म्हणे कुठी? म्हटलं आमच्या गावात. त्यानं अर्धा रोज कापला. देशासाठी लोकं काय काय सोसून गेले, आपलं त काहीच नाही.

तरी अर्धा रोज जरा जास्त झाला. हाही शेखरच्याच खात्यात लिहून ठेवला.

३ सप्टेंबर

मायचा फोन. माय स्टँडवर मेथी, पालक, सांभार (इथी सुरतेत त्याले कोथमीर म्हणते) घेऊन बसते, सगळं घरच्या वावरातलं. आठले अकोटची बस येते, तिच्यातून उतरणारे मास्तर आन् बाया हेच तिचं गिऱ्हाईक. तेवढ्या अर्ध्या तासावर घर चालते. माह्या पगारावर चालत नाही, कारण माहा पगार अजून सुरतेच्या बाहेर निघाला नाही. दिवाळीपासून निघन.

आता बस येते तेव्हाच भोंगा लागते. मास्तर उभे, बाया उभ्या, माय उभी. फक्त गावचा सांड उभा राह्यत नाही. भोंगा वाजला की कोणी काठी उचलत नाही, हे त्याले दोन दिवसात समजलं. बरोबर आठले येते आन् मायच्या टोपलीपासून सुरुवात करते.

मी तिले शांतपणे समजावलं की देशासाठी एक जुडी गेली त काय झालं.

माय म्हणे, "देश जुडी नाही खात, मन्या. सांड खाते."

शिकलेली नाही. काय बोलावं.

५ सप्टेंबर

डोकं तापलेलंच आहे. जुडीनं नाही, त्या शालीनं. पण उपाय सापडला. नुसता नियम कोण मानते? दंड पाहिजे. जो हलन त्याले दंड. आता गावात सगळ्यात जास्त हलणारा माणूस कोण? शेखर. मिशी पिळते, मान खाजवते, दर मिनिटाले खिशातून फोन काढते. आठवडाभरात सापडते.

दंड जबर पाहिजे. पाचशे रुपये त तो पानठेल्यावर उडवते. एकवीसशे लिहिले, शुभ आकडा आहे. आन् जो भरणार नाही त्याले महिनाभर स्टँडवर बंदी. शेखरचा सगळा दरबार स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर भरते. बसू दे आता घरी, बायकोसमोर.

नितेश म्हणे विचार कर बे. म्हटलं विचार करूनच लिहिला.

९ सप्टेंबर

ठराव पास झाला. ग्रामपंचायतीच्या सभेत शेखरनं स्वतः उभं राहून वाचला. जागृत नागरिकाची सूचना शिरसावंद्य आहे म्हणे. वेडा. आपला खड्डा आपल्या हातानं खोदून राहिला, मी फक्त फावडं दिलं.

नितेशले ड्यूटी लावली. रोज आठले मोबाईल शेखरवर.

१० सप्टेंबर

शेखर हलला नाही.

११ सप्टेंबर

शेखर हलला नाही. नितेश विचारते की पेट्रोल कोण देणार. त्याचं दुकान स्टँडवरच आहे. पेट्रोल कायचं?

१२ सप्टेंबर

शेखर हलला नाही. आज त्याच्या नाकावर खरोखरची माशी बसली, व्हिडिओत साफ दिसते. नाकावरून ओठावर आली, ओठावर हिंडली. तरी नाही हलला. घरी प्रॅक्टिस करत असन. माणूस किती खालच्या थराले जाऊ शकते.

१४ सप्टेंबर

सापडला. पण वेगळ्या रस्त्यानं.

ग्रुपवर आजचा व्हिडिओ आला. राष्ट्रगीत अर्ध्यात आहे आन् एक बाई पदर खोचून, काठी घेऊन सांडामागे धावून राहिली. पाठमोरी आहे, चेहरा दिसत नाही. पण तोंडानं जे चालू आहे ते भोंग्याच्या वर ऐकू येते आन् इथी लिहिता येत नाही. नेसलेली साडी आमच्याच मार्केटची, किनार फसलेला सेकंडचा माल. सुरतचा माल कुठी कुठी पोचते. बरं वाटलं.

बाईशी माहं वैर नाही. पण खाली शेखरनं लिहिलं की वयानं मोठी बाई आहे, सांडानं टोपली खाल्ली, जाऊ द्या. बस. तिथीच तो सापडला. ठराव करणाराच ठराव मोडून राहिला. मी तिथल्या तिथी मजकूर तयार केला: "राष्ट्रगीतापेक्षा मेथी मोठी काय? या बाईले माफी देणारा सरपंच देशभक्त आहे काय?"

नितेशचे फोनवर फोन आले, मी कापले. तो वादच घालते. त्याले लिहून पाठवलं, मेसेज टाक, नाहीतर तूही शेखरचा माणूस. मग टाकला त्यानं. मले एकट्याले लिहिलं, "तू म्हणतं म्हणून टाकला. मागून मले बोलू नको." भित्रा आहे पहिल्यापासून.

मायले फोन लावला, शेखर कसा फसला ते सांगायले. उचलला नाही. वावरात असन.

१५ सप्टेंबर

बहिणीचा, गीतांजलीचा फोन आला. म्हणे दादा, व्हिडिओ पाह्यला काय मायचा?

मी म्हटलं, शक्य नाही, माय अशी धावत नाही. गीतांजली म्हणे की तू घरी असताना सांड नव्हता.

काल संध्याकाळी शेखर घरी आलता. हात जोडून म्हणे, काकू, मी सोडलंच होतं, पण तो जागृत नागरिक ऐकत नाही, अकोटपर्यंत गावाची बदनामी करते. शनिवारपर्यंत दंड भरा, नाहीतर महिनाभर तुमची जागा बंद ठेवा लागन, माह्या हातात काही नाही. मायनं त्याले चहा पाजला. घरचा सांभारही दिला, उरला होता तेवढा.

मी म्हटलं चहा कायले पाजला. गीतांजली म्हणे, मग काय त्या जागृत नागरिकाले पाजायचा?

मग मायनं फोन घेतला. जेवला काय विचारलं. आन् म्हणे, "मन्या, तू मोबाईलमधला माणूस आहे. तो जागृत नागरिक कोण आहे ते शोधून काढ. त्याच्या मायले मले एकदा भेटायचं आहे."

म्हटलं शोधतो. त्याले सोडणार नाही.

१६ सप्टेंबर

नितेशकडून नवीन मेसेज टाकला. बाई कष्टाळू आहे, चूक सांडाची आहे, दंड सांडाच्या मालकाकडून घ्यावा, आपला जागृत नागरिक. सांडाले मालक नाही, देवाले सोडलेला आहे, हे टाकल्यावर आठवलं.

ग्रुप पेटला. एकानं विचारलं की बाईकडून किती घेतले. एकानं लिहिलं की जागृत नागरिक झोपला. सगळ्यात शेवटी शेखर: "देशाच्या बाबतीत तडजोड नाही. हा जागृत नागरिक देशभक्त आहे काय?"

नितेशनं त्याले अंगठा दिला. चुकून असन.

१८ सप्टेंबर

शेखरले सोडणार नाही. दिवाळीत गावी गेलो की चार लोकांसमोर विचारीन. काय विचारायचं ते ठरवतो.

दुपारी सुपरवायझरकडे उचल मागायले गेलो. त्यानं विचारलं कायले पाहिजे. घरी कोणी आजारी आहे काय? म्हटलं नाही, माय हलली. त्याले समजलं नाही. दोन रविवार फुकट काम करतो हे कबूल केलं तेव्हा पैसे दिले.

गीतांजलीच्या नंबरवर टाकून राहिलो. मायले सांग म्हटलं, पोराचा पहिला पैसा सुरतेच्या बाहेर निघाला. एकवीसशे रुपये.