आत्याने बोलावलेला

नुकुआलोफा,
३ ऑगस्ट १९७९

तीर्थरूप लेसिएली आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी बेटावरून बोटीने पाठवलेली कोनफळं पोचली. वसतिगृहातल्या पोरांनी निम्मी न विचारता पळवली आणि उरलेल्यांवर प्रार्थना मात्र माझ्याकडून म्हणवून घेतली.

आता कामाचं. चर्चचा पाळक होण्याआधी मंडळीच्या वडीलधाऱ्यांपुढे साक्ष द्यावी लागते: देव कसा भेटला, त्याने कसं बोलावलं. महिनाअखेर माझी पाळी आहे. साक्ष पटली नाही तर घरी. माझ्याबरोबर शिकणारा लोपेती दारू पिऊन खाडीत पडला होता, देव त्याला तिथे भेटला. मी कधी खाडीत पडलो नाही. लोपेती म्हणतो, तुझ्यासारख्या शहाण्या पोरात शिरायला देवाला फटच सापडत नसेल.

खरं सांगू? मला देवाने नाही, तुम्ही बोलावलंत. माझं नाव ठेवताना तुम्ही सांगून टाकलंत की हा पाळक होणार. बापाच्या बहिणीचा शब्द आपल्याकडे कोण मोडतो? बाबांनी मान खाली घातली. मी तर तेव्हा मान धरतही नव्हतो.

तुमचा शब्द मागे घ्या. तो काढल्यावर खाली काही उरतं का, हे मला साक्षीआधी पाहायचं आहे.

माया कमी होऊ देऊ नये.

आपला,
फिनेआसी

उइहा,
१२ ऑगस्ट

चि. फिनेआसी यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या बापाने वाचून दाखवलं. मधेच त्याला खोकला लागला. खोकला आवर आणि पुढचं वाच, असं मी त्याला दटावलं.

मग कापडासाठी झाडाची साल अशी बडवली की शेजारच्या सेइनीने विचारलं, कोणावरचा राग काढतेस. देवावरचा, असं बोलून गेले आणि जीभ चावली.

तुझं नाव ठेवताना मला कोणी काही सांगितलं नव्हतं. तू हातात होतास आणि शब्द तोंडून गेला. तोंड माझं असलं तरी शब्द त्याचाच, असं मी धरून चालले. दुसरा विचार करावा लागला नाही, कारण उलट बोलायला कोणी नव्हतंच.

शब्द मागे घेतला. मोकळा आहेस. घरी यायची बोट धर किंवा धरू नकोस, मी काही सांगणार नाही. तुझा बाप म्हणतो, हे ऐकायला आपण जिवंत राहिलो हीच कृपा.

जिथे असशील तिथे जेवत जा.

तुझी,
आत्या

नुकुआलोफा,
१ सप्टेंबर

तीर्थरूप आत्यास,
सा. न.

तुमचं पत्र वाचलं आणि बोचकं बांधलं. धक्क्यावर बोटीत डुकरं चढवत होते. आजवर इथे कंटाळलो की मनातल्या मनात तुमच्यावर चिडायचो. आता चिडायला कोणी उरलं नव्हतं. आता काय, असं मी मोठ्याने विचारलं. हमाल माझ्याकडे बघायला लागला.

तुम्हाला विचारलं नव्हतं. तुम्ही सुटला होतात. स्वतःलाही नाही, स्वतःशी मी इतक्या रागाने बोलत नाही. मग कोणाला विचारलं? उत्तर आलं नाही. बोट सुटली. मी चढलो नाही.

साक्षीत एवढंच सांगितलं. वडीलधाऱ्यांत चुळबुळ झाली. एकाने विचारलं, मग देव काय म्हणाला? काही नाही, असं सांगितलं. नंतर लोपेतीने झापलं की बावळटा, निदान देवाची खूण म्हणून एखादा मासा तरी उडवायचा होतास. मंडळीच्या अध्यक्षांनी होकार दिला नाही आणि घरीही धाडलं नाही. वर्षभर थांब, विचारत राहा, म्हणाले.

विचारतो आहे. झोप धड लागत नाही.

बाबांना नमस्कार. तुमची माया आहे, असं धरून आहे.

आपला,
फिनेआसी

उइहा,
१० सप्टेंबर

चि. फिनेआसी यास,
आशीर्वाद.

काल चर्चमध्ये प्रार्थना म्हणायला मला उभं केलं. माझी प्रार्थना लांबते, तोवर घरी जमिनीतल्या भट्टीत लावलेलं जेवण करपतं, असं पोरं म्हणतात ते मला ठाऊक आहे. उभी राहिले. प्रभो, आजाऱ्यांना बरं कर, वारा आवर, बोटी परत आण... हे सगळं जिभेवर आलं आणि मी थबकले. जन्मभर त्यालाही मी हुकूमच सोडत आले की काय? तशीच गप्प उभी राहिले. मंडळी ताटकळली. शेवटी आमेन म्हणून खाली बसले. सेइनीला वाटलं, मला घेरी आली.

त्या गप्प राहण्यात समोर कोणी होतं की नव्हतं, मला कळलं नाही.

तू पाळक होणार की नाही, हे मी विचारत नाही. पण धक्क्यावर तू विचारलंस तेव्हा समोर कोणीतरी आहे हे तुला कसं कळलं, ते लिही. जमलं तरच लिही. मला खरोखर माहीत नाही.

वाट पाहते.

तुझी,
लेसिएली